पोदेराचा भोंगा, परसातली कोंबडी आणि बेबिंकाचे थर

गोव्याच्या खेड्यात पहाट होते ती कोंबड्याच्या आरवण्याने. त्यापाठोपाठ सायकलच्या रबरी भोंग्याचा ‘पों-पों’ असा आवाज येतो आणि घराघरांतून माणसे पिशवी किंवा परडी घेऊन दाराशी येतात. सायकलच्या मागे बांधलेल्या मोठ्या पाटीवरचे प्लास्टिकचे कापड बाजूला होते, गरम पावाचा वास अंगणभर पसरतो आणि चार उंडे, दोन पोया असा हिशेब होऊन सायकल पुढच्या वळणावर जाते. हा पोदेर, म्हणजे पाववाला. पोर्तुगीज भाषेतल्या ‘पादेरो’ या शब्दावरून त्याचे हे नाव पडले. जुन्या काळी तो पायी फिरत असे आणि हातातल्या काठीच्या छुमछुम आवाजाने आपण आल्याची वर्दी देत असे. काठी जाऊन भोंगा आला, तरी फेऱ्या अजून दोनच आहेत, एक सकाळची आणि एक सायंकाळची.

दाराशी येणारा पाव, परसात फिरणारी कोंबडी, आठवड्याचा बाजार आणि सणासुदीला घरच्या निखाऱ्यांवर भाजले जाणारे पदार्थ यांच्याकडे शहरी माणूस बहुधा गतकाळाच्या हळव्या आठवणी म्हणून पाहतो. वास्तविक या साऱ्या गोष्टी एका चोख हिशेबाने परस्परांशी बांधलेल्या आहेत. तो हिशेब ध्यानात घेतला, की या सुखांची गोडी कशात आहे हे कळते आणि ती हळूहळू दुर्मीळ का होत आहेत, तेही उमजते.

माडाच्या सुरेवर फुगलेला पाव

गोव्याचे मूळ अन्न भात. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकला आणि त्यांच्यामागोमाग गव्हाच्या पावाची सवयही आली. मात्र पीठ फुगवण्यासाठी लागणारे आंबवण येथे कोठून आणायचे, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर माडावर मिळाले. रेंदेर माडावर चढून जी सूर काढतो, तिच्यात नैसर्गिक किण्व असतेच. ती पिठात घातली की पीठ फुगते आणि पावाला किंचित आंबूस चवही येते. अशा रीतीने युरोपचा पाव कोकणच्या माडाशी जोडला गेला. ‘पाव’ हा शब्दही पोर्तुगीज ‘पांव’ या शब्दावरून आलेला असून पुढे तो गोव्याच्या बेकरीवाल्यांबरोबर मुंबईलाही पोहोचला. मिसळीबरोबर किंवा वड्याबरोबर पाव खाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाचे या भट्टीशी असे दूरचे नाते आहे.

पारंपरिक भट्टी म्हणजे दगडमातीची घुमटाकार खोली. तिच्या पोटात लाकडे पेटवली जातात. घुमट आणि तळ तापून लाल झाले, की निखारे बाजूला सारून तळ ओल्या फडक्याने पुसतात आणि लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून पाव आत सरकवतात. जाळ विझल्यानंतरही दगडात साठलेली उष्णता चारही बाजूंनी पाव भाजते. कवच खरपूस आणि आतला भाग मऊ, हे त्या साठलेल्या उष्णतेचेच काम. गोल आणि टणक कवचाचा उंडो, कोंडा लावलेली आतून पोकळ पोय, कात्रीने कापून आकार दिलेला कातरे पाव आणि जास्त वेळ भाजून कडक केलेली बांगडीच्या आकाराची कांकणे, अशी या भट्टीची अपत्ये. पोय आमटीत किंवा रश्श्यात बुडवायची आणि कांकण चहात, हा संकेत लहान मुलांनाही ठाऊक असतो.

सकाळी खुसखुशीत असलेला हा पाव रात्रीपर्यंत चिवट होतो, अशी तक्रार नवखे लोक करतात. पण पाव शिळा होतो तो केवळ वाळल्यामुळे नव्हे. भाजताना पिठातला स्टार्च पाणी शोषून मऊ झालेला असतो आणि पाव निवला की तोच स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जाऊ लागतो. फ्रिजच्या थंडाव्यात ही क्रिया अधिक वेगाने होते. म्हणून असा पाव फ्रिजमध्ये ठेवणे ही त्याला शिळा करण्याची सर्वांत जवळची वाट. उलट पाण्याचा हबका मारून तो तव्यावर झाकण ठेवून गरम केला, तर थोड्या वेळासाठी त्याचा मऊपणा परत येतो. पाकिटातला ब्रेड अनेक दिवस मऊ राहतो तो त्यात घातलेल्या पदार्थांमुळे. पोदेराच्या पावात ते नसतात. म्हणूनच त्याला दिवसातून दोनदा यावे लागते आणि म्हणूनच तो जवळचा असावा लागतो.

कोंबडीचे गणित

पावाचे उरलेले तुकडे जातात परसात. गावठी कोंबडी हा घरातला सर्वांत कमी खर्चाचा प्राणी. भात सडल्यावर उरलेल्या कण्या आणि कोंडा, स्वयंपाकघरातले उष्टे, अंगणातले किडे-मुंग्या आणि गवताचे कोंब एवढ्यावर तिचे भागते. रात्री खुराड्यात कोंडली, की मुंगूस आणि कुत्र्यांपासून बचाव होतो. तिच्याकडून मिळणारा मोबदला मात्र बेताचाच असतो.

गावठी कोंबडी एका वेळी साधारण बारा-पंधरा अंडी घालते आणि मग खुडूक होते, म्हणजे अंडी उबवण्यासाठी ठाण मांडून बसते. एकवीस दिवसांनी पिले बाहेर येतात. त्यांना घेऊन ती पुढचे दोन-अडीच महिने फिरते आणि त्या काळात अंडी देत नाही. वर्षाकाठी अशा तीन-चार फेऱ्या धरल्या, तर पन्नास-साठ अंडी पदरात पडतात. व्यावसायिक पोल्ट्रीतली संकरित कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. तिच्यातली खुडूक होण्याची वृत्ती निवडीने जवळजवळ काढून टाकलेली असते. या दोन टोकांच्या मधला मार्ग म्हणून हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने वनराजा, ग्रामप्रिया, श्रीनिधी अशा परसात वाढणाऱ्या जाती विकसित केल्या. त्या गावठीपेक्षा पुष्कळ जास्त अंडी देतात. मात्र पिले उबवण्यासाठी गावठी कोंबडीचीच ऊब किंवा उबवणी यंत्र लागते.

गावठी अंड्याविषयी शहरात बरेच समज रूढ आहेत. त्यांतला पहिला रंगाचा. अंड्याचे कवच तांबूस की पांढरे, हे कोंबडीच्या जातीवर ठरते, त्याचा पोषणाशी संबंध नसतो. बलकाचा गर्द केशरी रंग खाद्यातून येतो. हिरवा पाला आणि मका खाणाऱ्या कोंबडीचा बलक गडद होतो. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून ‘गावठी’ म्हणून विकल्याचे प्रकार उघडकीस आलेले असल्याने, केवळ रंगावर विसंबणाऱ्या गिऱ्हाइकाची फसवणूक सोपी असते.

ताजेपणाची परीक्षा मात्र घरच्या घरी करता येते. नुकतेच घातलेले अंडे निवू लागले, की आतला भाग आक्रसून बोथट टोकाशी हवेची लहानशी पोकळी तयार होते. पुढे कवचाच्या हजारो सूक्ष्म छिद्रांतून ओलावा बाहेर पडत राहतो आणि ही पोकळी वाढत जाते. म्हणून ताजे अंडे पाण्याच्या भांड्यात तळाशी आडवे पडते, काही दिवसांचे उभे राहू लागते आणि फार जुने तरंगते. अगदी ताजे अंडे उकडल्यावर सहजी सोलले जात नाही, याचा अनुभव कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येक घराला असतो. उकडण्यासाठी आठवडाभर जुने आणि अर्धकच्चे खाण्यासाठी आजचे, अशी वाटणी तिथे आपोआप होते.

परसातली कोंबडी म्हणजे निर्धोक अन्न, असेही मात्र समजू नये. खुराड्याची स्वच्छता, अंडी हाताळल्यावर हात धुणे आणि अंडे नीट शिजवणे या गोष्टींना पर्याय नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची देशातील पहिली नोंद झाली, तेव्हा त्या परिसरातील पोल्ट्रींबरोबरच घराघरांतल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर त्या उचलून फेकून न देता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणे, हा कोंबड्या पाळण्यातलाच एक भाग आहे.

एका बेबिंकाची किंमत

कोंबडीचे हे गणित मनात ठेवून बेबिंकाकडे पाहिले, की गोव्याच्या या प्रसिद्ध मिष्टान्नाचा अर्थ बदलतो. नारळाचे घट्ट दूध, साखर, मैदा, जायफळ, तूप आणि अंड्यांचे बलक एवढेच त्याचे साहित्य. घरगुती कृतीतही डझन-दीड डझन बलक सहज लागतात. म्हणजे एका गावठी कोंबडीच्या एका फेरीची सगळी अंडी एका बेबिंकात जातात. ती अंडी खाल्ली, की त्या खेपेची पिले नाहीत. पाच-सहा कोंबड्या असलेल्या घराला नाताळच्या आधी दोन-तीन आठवडे अंडी साठवावी लागत. वर्षातून एक-दोनदाच बेबिंका होई, याचे कारण संयम नव्हे, खुराड्यातली संख्या हे होते.

वेळेचा हिशेबही असाच. मिश्रणाचा पातळ थर भांड्यात ओतायचा, झाकणावर निखारे ठेवून वरून तो तांबूस होईपर्यंत भाजायचा, त्यावर तूप सोडायचे आणि मग पुढचा थर ओतायचा. पारंपरिक पद्धतीत सात किंवा सोळा थर सांगितले जातात. प्रत्येक थर भाजला गेल्याशिवाय पुढचा ओतता येत नाही, त्यामुळे अर्धा दिवस चुलीपाशी जातो. घाई केली तर थर एकमेकांत मिसळतात आणि निखारे वाढवले तर वरचा थर करपतो. थर मोजत बसलेली आजी आणि ‘आता किती राहिले?’ असे विचारणारी मुले, हे दृश्य अनेक गोमंतकीय घरांत नाताळाइतकेच नेमाने दिसे. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नावाला संरक्षण मिळाले, पण अर्धा दिवस निखाऱ्यांपाशी बसण्याची तयारी ज्याची त्यालाच ठेवावी लागते.

रवा आणि ओल्या खोबऱ्याचा बाथ हा केक, तसेच बोलिन्हा ही खोबऱ्याची बिस्किटे हीदेखील याच घरगुती भाजणीची रूपे. महाराष्ट्रात दिवाळीपूर्वी घरचे तूप, रवा, मैदा आणि पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीत नेण्याची आणि नानकटाई भाजून आणण्याची पद्धत होती. काही गावांत ती अजून आहे. साहित्य आपले, भट्टी त्याची आणि मजुरी किलोमागे. गोव्याचे निखारे आणि महाराष्ट्रातली ही रांग यांच्या मुळाशी एकच कारण आहे. मोठी भट्टी प्रत्येक घराला परवडत नाही, म्हणून एक तर ती वाटून घ्यावी लागते, नाही तर भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवून तिचे काम भागवावे लागते.

आजच्या शहरी घरात विजेचा ओव्हन असतो. त्यात पोय करून पाहणाऱ्यांना ती पोदेरासारखी फुगत नाही, असा अनुभव येतो. भट्टीच्या दगडात साठते तेवढी उष्णता पत्र्याच्या ओव्हनमध्ये साठत नाही, हे त्याचे कारण. त्यावर सोपा उपाय म्हणजे जाड लोखंडी तवा ओव्हनमध्ये अर्धा तास पूर्ण तापवावा आणि पोय थेट त्यावर टाकावी. कणीक थोडी सैल मळावी, यीस्ट कमी घालून ती रात्रभर थंड जागी फुगू द्यावी. सावकाश आंबलेल्या पिठाला जी चव येते, ती एका तासात फुगवलेल्या पिठाला येत नाही. पहिल्या दोन-तीन खेपा बिघडतील. त्या कोंबड्यांना घालण्याची सोय ज्यांच्याकडे आहे, त्यांचे नुकसान कमी.

शुक्रवारचा बाजार

घरात वापरून उरलेली अंडी जातात बाजाराला. बार्देशातल्या म्हापशाचा शुक्रवारचा बाजार हे त्याचे सर्वांत मोठे ठिकाण. ‘म्हापसा’ हे नावच माप या शब्दावरून आले असे मानले जाते. आसपासच्या गावांतल्या बाया पहाटे येतात आणि जमिनीवर गोणपाट पसरून बसतात. कोंड्यात रोवलेली अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, मोयरेची लांबलचक केळी, हरमलची मिरची, कांद्याच्या माळा, नगाने मोजून दिले जाणारे चौरीस आणि मिठागरातले जाडे मीठ, असा हा संसार. भाजीचे आणि मासळीचे ‘वाटे’ लावलेले असतात. त्यात वजनाचा काटा नसतो, नजरेचा अंदाज असतो. ओळखीच्या गिऱ्हाइकाला वाट्यावर मूठभर जास्त मिळते.

या बाजाराला ऋतूंचे वेळापत्रक आहे. पावसाळ्यापूर्वी ‘पुरुमेंत’ म्हणजे चार महिन्यांची बेगमी. सुकी मासळी, मिरच्या, आमसुले, कडधान्ये, मीठ हे सारे एप्रिल-मे महिन्यांतल्या फेस्तांच्या फेऱ्यांत घेतले जाते. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या आणि मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला भरणाऱ्या फेऱ्या त्यासाठी प्रसिद्ध आहेत, आणि तिथल्या खरेदीत धर्माचा भेद नसतो. पाऊस सुरू झाला की तायकिळो, फागलां आणि पानांत बांधलेली रानातली अळमी येतात. गणेश चतुर्थीच्या आधी माटोळीचा बाजार भरतो. गणपतीच्या वर टांगायची रानफळे आणि वेली डोंगरातून गोळा करून आणणाऱ्यांना वर्षातली ही मोठी कमाई असते.

अशा खरेदीत वेळ जातो हे खरे. घासाघीस करावी लागते, पिशव्या वाहाव्या लागतात आणि पावसात चिखल तुडवावा लागतो. पण येथे वस्तूबरोबर माहितीही मिळते. अंडी कोणत्या दिवशीची आहेत, वांगी कोणत्या गावची, या वर्षी मिरची का महाग, हे विचारता येते आणि उत्तर देणारी व्यक्ती पुढच्या शुक्रवारी त्याच जागी बसलेली असते. रंगवलेली अंडी विकणारा फिरता विक्रेता पुन्हा दिसत नाही. गोणपाटावर बसणाऱ्या बाईला मात्र पुढच्या आठवड्यातही तेच गिऱ्हाईक हवे असते. तिच्या सचोटीला या रोजच्या ओळखीचा आधार असतो, आणि मोबाइलवरून दहा मिनिटांत माल पोहोचवणाऱ्या सेवेला ती ओळख देता येत नाही.

साखळीची एकेक कडी

ही रचना आता सैल होत आहे आणि ती एका जागी सैल झाली, की दुसरीकडेही ताण पडतो. गोव्यात भाताखालचे क्षेत्र घटत गेले. शेत पडीक राहिले की घरात कण्या आणि कोंडा राहत नाही. मग कोंबड्यांना विकतचे खाद्य घालावे लागते आणि गावठी अंडे घरालाच महाग पडते. माडावर चढणारे रेंदेर कमी झाले, तशी पावातली सूर जाऊन बाजारातले यीस्ट आले. रात्रभर भट्टीपुढे उभे राहण्याचा धंदा पुढच्या पिढीला नकोसा वाटतो. अनेक जुन्या भट्ट्या आज परप्रांतांतून आलेले कारागीर चालवतात. त्यांच्यामुळेच सकाळचा भोंगा अजून ऐकू येतो, हेही मान्य केले पाहिजे.

लाकडाचा प्रश्न तर अधिक अवघड आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेचा विचार करून, लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या मुंबईतील बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळावे, असे निर्देश दिले. धुराचा त्रास शेजाऱ्यांना होतो आणि भट्टीपुढे उभ्या असलेल्या कामगाराला सर्वांत जास्त होतो, हे नाकारता येत नाही. दुसऱ्या बाजूला नवी भट्टी बसवण्याचा खर्च लहान बेकरीला पेलवेल का, ही चिंताही खरी आहे. चव आणि स्वच्छ हवा यांत एकाची निवड करण्यापेक्षा, उष्णता साठवणारी दगडी भट्टी स्वच्छ इंधनावर कशी चालवता येईल, याकडे लक्ष देणे अधिक उपयोगाचे ठरेल.

घरच्या कोंबड्या आणि शुक्रवारचा बाजार एवढ्यावर एखादे महानगर जगू शकत नाही. वर्षाला पन्नास-साठ अंडी देणारी कोंबडी लाखोंची भूक भागवणार नाही आणि सदनिकेच्या गॅलरीत खुराडे बांधणे शेजाऱ्यांनाही रुचणार नाही. पोल्ट्री आणि मोठ्या बेकऱ्यांनी अंडी व पाव सर्वांच्या आवाक्यात आणले, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण म्हणून लहान रचना निरुपयोगी ठरत नाही. आठवड्याच्या अंड्यांपैकी अर्धा डझन ओळखीच्या बाईकडून घेणे, पाकिटाऐवजी सकाळचा पाव पोदेराकडून घेणे आणि वर्षातून एखादा बेबिंका किंवा नानकटाईचा एखादा घाणा घरी करून पाहणे, एवढे कोणत्याही शहरी कुटुंबाला जमण्यासारखे आहे.

पोदेराचाही स्वतःचा एक हिशेब असतो. कोणत्या वाड्यावर किती पाव जातात, हे त्याला पाठ असते. एखाद्या गल्लीत भोंगा वाजवूनही आठ-दहा दिवस कुणी बाहेर आले नाही, तर तो काही बोलत नाही. अकराव्या दिवशी तो त्या वळणावर सायकल वळवत नाही, एवढेच.